रेस कमिटी चुकली तर: रिड्रेस कधी, कसा आणि कशाच्या जोरावर मागायचा

शिडाच्या बोटींची शर्यत संपते, बोट किनाऱ्याला लागते, निकाल लागतो आणि आपल्या नावापुढे ओसीएस (लवकर निघाल्याचा शेरा) ही अक्षरं दिसतात. स्टार्टला आपण रेषेच्या पुढे होतो म्हणे. हॉर्न तर वाजलाच नव्हता! मग शर्यत चालवणाऱ्या रेस कमिटीवर रागाच्या भरात प्रोटेस्टचा, म्हणजे नियमभंगाच्या तक्रारीचा, फॉर्म भरला जातो: ‘रेस कमिटीविरुद्ध प्रोटेस्ट. कमिटीने नियम मोडला आहे.’ सुनावणी होते आणि अर्ज फेटाळला जातो. कमिटी खरोखरच चुकलेली असते, तरीही.

याचं कारण साधं आहे. अर्जदार सगळा जोर कमिटीची चूक सिद्ध करण्यावर लावतो, आणि नियमाला तेवढं पुरत नाही. रिड्रेस म्हणजे कमिटीला शिक्षा नव्हे. तुमचे बिघडलेले गुण दुरुस्त करण्याचा तो मार्ग आहे. त्यामुळे चूक, नुकसान आणि त्या दोहोंना जोडणारा धागा असं तिन्ही दाखवावं लागतं, आणि त्यात आपला हात नव्हता हेही.

इथले नियम क्रमांक वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमपुस्तकाच्या २०२५–२०२८ या आवृत्तीतले आहेत. आधीच्या आवृत्तीत रिड्रेसचा नियम ६२ होता, आता तो ६१ आहे. जुना क्रमांक लिहिल्याने अर्ज बुडत नाही, पण जुनं पुस्तक घेऊन सुनावणीला बसलात तर भलतंच कलम वाचत बसाल.

## टप्पा १: पाण्यात उतरण्याआधीची तयारी

रिड्रेसचं अर्धं काम शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी होतं. नोटीस ऑफ रेस (स्पर्धेची घोषणा) आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स (शर्यतीच्या सूचना) ही दोन्ही कागदपत्रं वाचा आणि पुढच्या गोष्टींवर खूण करा:

- प्रोटेस्टची वेळमर्यादा किती आणि ती कधीपासून मोजायची. सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये काहीच नसेल तर शेवटची बोट फिनिश झाल्यापासून २ तास. बहुतेक स्पर्धांत ती याहून कमी केलेली असते.
- अधिकृत नोटीस बोर्ड कुठे आहे. भिंतीवर, वेबसाइटवर की दोन्हीकडे?
- पाण्यावर तोंडी बदल सांगण्याची पद्धत दिली आहे का. दिली नसेल तर ध्वनिवर्धकावरून कुणी ओरडून सांगितलेला बदल हा वैध बदल नव्हे. नियम ९०.२ नुसार बदल लेखी हवा, आणि तोंडी चालवायचा असेल तर त्याची पद्धत आधी लिहिलेली हवी.
- स्टार्ट नियम २६ प्रमाणेच आहे की त्यात काही फरक केला आहे.
- शर्यतीच्या नियमात बदल केलेला असेल तर कोणता नियम आणि काय बदल, हे स्पष्ट लिहिलं आहे का. नियम ८५ तशी अट घालतो. शिवाय काही नियम आणि व्याख्या सेलिंग इन्स्ट्रक्शन्सना बदलताच येत नाहीत.

नोटीस ऑफ रेस एक सांगते आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स दुसरंच, असंही होतं. अशा वेळी निर्णय देण्याआधी ही विसंगती सोडवणं गरजेचं असेल तर सर्व संबंधित बोटींना ज्याने जास्तीत जास्त न्याय मिळेल ते कलम प्रोटेस्ट कमिटी, म्हणजे तक्रारींची सुनावणी करणारी समिती, लावते. विसंगती आधीच दिसली तर शर्यतीपूर्वी लेखी प्रश्न विचारा. ‘नंतर उपयोगी पडेल’ म्हणून दाबून ठेवलेली विसंगती सुनावणीत तुमच्यावरच उलटते.

बोटीवर पाण्यात भिजली तरी चालणारी वही, पेन्सिल आणि सेकंद दाखवणारं घड्याळ हवं. नोंदी कोण करणार हे किनाऱ्यावरच ठरवा. सुकाणूवर बसलेल्या माणसाला ते जमत नाही.

## टप्पा २: चूक दिसली त्या क्षणी

पहिला आणि सर्वात महाग पडणारा घोटाळा इथेच होतो. ‘आता ही शर्यत बाद होणारच’ असं स्वतःच ठरवून लोक शिडं सैल सोडतात किंवा परत फिरतात. शर्यत बाद करण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही. शर्यत बाद झाल्याचा एन झेंडा लागत नाही तोवर शर्यत चालू आहे. तुम्ही सोडून दिलीत तर निकालात डीएनएफ (फिनिश न झाल्याचा शेरा) लागेल, आणि तो तुमच्या निर्णयामुळे लागला असं प्रोटेस्ट कमिटी म्हणेल. ते बरोबरही असेल.

म्हणून नियमाप्रमाणे स्टार्ट घ्या, कोर्स (ठरवून दिलेला मार्ग) पूर्ण करा, फिनिश व्हा. मार्क (वळण्यासाठी ठेवलेला तरंगता बोया) जागेवर नसेल तर तो जिथे असायला हवा होता तिथून वळा आणि वेळ टिपा. कमिटीची चूक म्हणजे तुम्हाला नियमातून सुट्टी नव्हे.

दुसरा घोटाळा लाल झेंड्याचा, जो दुसऱ्या बोटीला प्रोटेस्ट करताना लावतात. रिड्रेससाठी लाल झेंडा लागत नाही. लावला म्हणून बिघडत काही नाही, पण त्यामागची समजूत बिघडलेली असते. बोट दुसऱ्या बोटीला प्रोटेस्ट करू शकते, रेस कमिटीला नाही. वर्ल्ड सेलिंगच्या केस बुकातली (नियमांचे अर्थ सांगणाऱ्या निर्णयांच्या संग्रहातली) केस ४४ हेच सांगते: कमिटीने नियम मोडला तरी तिच्यावर प्रोटेस्ट नाही, रिड्रेस मात्र मागता येतो.

थांबा आणि तपासा: आपण रेषेच्या पुढे होतो हे तुम्हाला स्वतःला कळलं आहे का? कळलं असेल तर झेंडा लागो न लागो, हॉर्न वाजो न वाजो, परत जाऊन स्टार्ट घ्या. माहीत असून पुढे गेलात तर पुढचे सगळे टप्पे वाचायची गरज उरत नाही.

## टप्पा ३: वहीतल्या नोंदी

फिनिश झाल्यावर लगेच, बोट बांधण्याआधी लिहा. किनाऱ्यावर चार जणांशी बोललात की आठवण त्या चौघांची होते.

वेळ शक्यतो सेकंदासह, आपली रेषेवरची जागा, आजूबाजूच्या बोटींचे शिडावरचे क्रमांक, कोणता झेंडा दिसला, कोणता हॉर्न ऐकू आला, वारा कुठून होता, आणि त्या क्षणी आपण अंदाजे कितव्या स्थानावर होतो. यातली शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात, आणि पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडते तीच.

आणखी एक भेद पाळा. ‘हॉर्न वाजला नाही’ आणि ‘मला हॉर्न ऐकू आला नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं तुम्ही सिद्ध करू शकत नाही, दुसरं शपथेवर सांगू शकता. दुसरंच लिहा.

जीपीएसच्या रेषेवर फार विसंबू नका. बोटीवरच्या साध्या यंत्राच्या नोंदीवरून स्टार्टच्या क्षणी तुमचं नाक रेषेच्या हातभर मागे होतं की पुढे, हे ठरत नाही. रेषेच्या टोकावरून नजर लावून बसलेल्या अधिकाऱ्याची साक्ष साधारणपणे बोटीवरच्या माणसापेक्षा वजनदार धरली जाते, कारण रेषा त्यालाच सरळ दिसते. बोटीवरच्या कॅमेऱ्याचंही तेच: तिरप्या कोनातून रेषा वेगळी भासते. वेळ, अंतर आणि मार्कची जागा यांसाठी मात्र जीपीएस उत्तम पुरावा आहे.

## टप्पा ४: ही खरंच ‘चूक’ आहे का, हे नियमातून ठरवा

इथे घाई करू नका. लेखातला सगळ्यात मोठा टप्पा हा आहे, कारण सगळ्यात जास्त घसरण इथेच होते.

नियमाचं वाक्य इंग्रजीत वाचा आणि क्रियापदाकडे बघा. ‘शॅल’ असेल तर ते कमिटीवर बंधनकारक. ‘मे’ असेल तर तो तिचा अधिकार आहे: वापरेल किंवा नाही वापरणार. वारा पडला म्हणून शर्यत बाद करणं, कोर्स आखडणं, पुढचा टप्पा बदलणं, हे बहुतांशी अधिकारात मोडतं. ‘कमिटीने शर्यत बाद करायला हवी होती’ हे वाक्य म्हणून फार क्वचित टिकतं. ‘कमिटीने बंधनकारक असलेला झेंडा लावला नाही’ हे टिकतं.

आता हॉर्नचा प्रश्न, ज्यात भलेभले गोंधळतात.

नियम २६ मधला स्टार्टचा क्रम असा आहे: ५ मिनिटं आधी क्लासचा (बोटींच्या गटाचा) झेंडा वर. ४ मिनिटं आधी तयारीचा झेंडा वर, म्हणजे पी, किंवा लवकर निघणाऱ्यांसाठी जास्त कडक नियम लावणारे आय, झेड, यू, काळा यांपैकी. १ मिनिट आधी तो खाली, एका लांब हॉर्नसह. आणि शून्याला क्लासचा झेंडा खाली. वेळ झेंड्यावरून मोजायची आणि हॉर्न वाजला नाही तर तिकडे दुर्लक्ष करायचं, असं तो नियम स्वतःच सांगतो. म्हणजे स्टार्टला हॉर्न फसला म्हणून रिड्रेस मागितलात तर नियमच तुमच्या विरुद्ध उभा राहतो.

पण नियम २९.१ वेगळा आहे. कुणी रेषेच्या पुढे असेल तर कमिटीने ताबडतोब परत बोलावणारा एक्स झेंडा लावायचा आणि एक हॉर्न वाजवायचा. इथे ‘हॉर्नकडे दुर्लक्ष करा’ असं कुठे म्हटलेलं नाही. कारणही उघड आहे. स्टार्टच्या आधी सगळ्यांचे डोळे झेंड्यांवर असतात. स्टार्ट झाल्यावर प्रत्येक जण पुढे, वाऱ्याकडे पाहत असतो. मागे वळून पाहायला लावतो तो हॉर्नच.

केस ३१ याच मुद्द्यावर आहे: एक्स झेंडा बरोबर लागला, हॉर्न वाजला नाही, हॉर्न ऐकू येईल अशा जागी असलेल्या बोटीला झेंडा दिसला नाही आणि ती परत फिरली नाही, तर ती रिड्रेसला पात्र. पण आपण पुढे होतो हे तिला उमगलं असेल तर परत फिरणं तिला भागच आहे. केस ७९ म्हणते, बोटीला आपण लवकर निघालो हे कळायला काहीच कारण नव्हतं, कमिटीने ताबडतोब एक्स लावला नाही आणि तरीही ओसीएस दिला, तर ती दुरुस्त करण्याजोगी चूक आहे. आणि केस ७१: ओरडून शिड क्रमांक सांगणं म्हणजे हॉर्न नव्हे.

तेच साधन, तीच कमिटी, दोन नियम, दोन उलट उत्तरं. म्हणून ‘हॉर्न वाजला नाही’ एवढ्यावर कधीच थांबू नका. कुठल्या नियमातला हॉर्न, हे आधी विचारा.

एक्स झेंडा किती वेळ ठेवायचा याचाही हिशोब आहे. पुढे असलेल्या सगळ्या बोटी पूर्णपणे मागे येईपर्यंत. आल्या नाहीत तरी स्टार्टनंतर ४ मिनिटं किंवा पुढच्या कुठल्याही स्टार्टच्या १ मिनिट आधी, यांतलं जे आधी येईल तोपर्यंतच. ‘आम्ही पाचव्या मिनिटाला मागे पाहिलं, झेंडा नव्हता’ हा मुद्दा म्हणूनच होत नाही.

यू आणि काळा झेंडा यांतही गल्लत होते. स्टार्ट रेषेची दोन टोकं आणि पहिला मार्क यांच्या त्रिकोणात शेवटच्या मिनिटात हल (बोटीचा सांगाडा) शिरली की दोन्हींत सुनावणीशिवाय दंड. पण शर्यत पुन्हा सुरू झाली किंवा पुन्हा घेतली गेली तर यूचा दंड जातो, काळ्याचा राहतो. ‘जनरल रिकॉल (सगळ्यांना परत बोलावून नवा स्टार्ट) झाला होता, तरी बीएफडी (काळ्या झेंड्याचा दंड) का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा यूचा नियम आठवत असतो. शिवाय यू किंवा काळा असताना एक्स झेंडा लावून परत बोलावण्याची वाट पाहू नका. त्या दंडाला ती पूर्वअट नाही.

इतर नेहमीच्या चुका थोडक्यात:

मार्क हरवला किंवा सरकला. नियम ३४ नुसार कमिटीने शक्य असेल तर तो जागेवर आणायचा, नाहीतर एम झेंडा लावलेली बोट किंवा वस्तू तिथे ठेवून पुन्हा पुन्हा आवाज करायचा. ‘शक्य असेल तर’ हे शब्द विसरू नका. जवळ मोकळी बोट होती का, हे सुनावणीत विचारायलाच हवं.

कोर्स आखडला. एस झेंडा, दोन आवाज, आणि पहिली बोट फिनिश रेषा ओलांडण्याआधी. वळणाच्या मार्कपाशी आखडला तर रेषा तो मार्क आणि एस झेंड्याची काठी यांच्यामध्ये. तो मार्क एरवी कुठल्या हाताला ठेवायचा होता ते इथे विसरा. केस १२९ प्रमाणे फिनिशची व्याख्या पाळून रेषा ओलांडायची.

फिनिश उलट दिशेने आखलं. फिनिश म्हणजे हलचा कुठलाही भाग कोर्सच्या बाजूने रेषा ओलांडणं. सेलिंग इन्स्ट्रक्शन्स ही व्याख्या बदलू शकत नाहीत. रेषा शेवटच्या टप्प्याच्या इतक्या समांतर असेल की कोणती बाजू बरोबर हेच कळू नये, तर केस ८२ प्रमाणे दोन्ही दिशा चालतात. आणि कमिटीच्याच चुकीने बोटी उलट्या ओलांडल्या, पण त्यामुळे कुणाचा फायदा-तोटा झाला नाही, तर केस ४५ प्रमाणे ओलांडण्याच्या क्रमानेच सगळ्यांना गुण देणं रास्त.

## टप्पा ५: चूक मिळाली, आता उरलेल्या तीन अटी

नियम ६१ मधली मागणी चार भागांत फोडा आणि प्रत्येकासमोर एक वाक्य लिहा. लिहिता आलं नाही तर अर्ज तयार नाही.

१. कमिटीची कृती किंवा न केलेली कृती अयोग्य होती. हे टप्पा ४ मध्ये झालं.

२. त्यामुळे शर्यतीतलं किंवा मालिकेतलं आपलं स्थान लक्षणीयरीत्या खालावलं, किंवा खालावू शकतं. समजा, १ मिनिटाचा झेंडा ७ सेकंद उशिरा खाली आला. चूक आहेच. पण ती सगळ्यांना सारखीच लागली. तुम्ही इतरांपेक्षा जास्त का भोगलंत, हे सांगता आलं नाही तर हातात काही पडत नाही.

३. नुकसान ‘त्यामुळेच’ झालं. मार्क ८० मीटर सरकला होता, पण तुम्ही त्याआधीच चुकीच्या बाजूला जाऊन वीस बोटींच्या मागे पडला होतात, तर त्या वीस बोटी मार्कच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

४. आपली काहीच चूक नव्हती. इथे ‘थोडीशीच’ चालत नाही. सेलिंग इन्स्ट्रक्शन्स न वाचणं, नोटीस बोर्ड न पाहणं, पुढच्या बोटीच्या मागे डोळे झाकून जाणं, हे सगळं आपल्या पदरात पडतं. ‘सगळे तिकडे गेले म्हणून आम्हीही गेलो’ हे वाक्य मी सुनावणीत जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा ते बोलणाऱ्याच्याच अंगाशी आलं.

माझा स्वतःचा पहिला अर्ज दुसऱ्या अटीवर पडला होता. चुकीच्या झेंड्यावर मी पानभर लिहिलं. अध्यक्षांनी एकच विचारलं: ‘किती बोटी गमावल्या?’ मला आकडा सांगता आला नाही. तेव्हापासून वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात स्थान लिहितो, काही बिनसलेलं नसलं तरी.

तपासा: आपली तक्रार निव्वळ गुणांच्या बेरजेची आहे का? शिड क्रमांक चुकला, फिनिशचा क्रम उलटा लागला, असं असेल तर आधी स्कोअरिंगची चौकशी करा. कमिटीच्या स्वतःच्या नोंदीवरून चूक लक्षात आली तर ती दुरुस्त करणं नियम ९०.३ प्रमाणे रेस कमिटीचं कामच आहे. सुनावणीची गरज नाही. पण चौकशीच्या उत्तराची वाट पाहताना अर्जाची वेळ निघून जाऊ देऊ नका. दोन्ही कागद एकाच वेळी फिरू शकतात.

## टप्पा ६: वेळ

पाण्यावर घडलेल्या गोष्टीसाठी अर्ज प्रोटेस्टच्या वेळमर्यादेत किंवा घटनेपासून २ तासांत, यांतलं जे नंतर येईल तोवर. बाकीच्या कारणांसाठी, म्हणजे उदाहरणार्थ निकाल पाहूनच जे कळतं त्यासाठी, कारण कळल्यावर शक्य तितक्या लवकर. स्पर्धेच्या कागदपत्रांनी या वेळा बदललेल्या असू शकतात, म्हणून टप्पा १ मधली खूण पुन्हा पाहा.

सापळा असा. तिसऱ्या शर्यतीत काहीतरी झालं, तेव्हा सोडून दिलं. शेवटच्या दिवशी मालिकेचा निकाल लागला आणि दिसलं की त्या एका शर्यतीने पदक गेलं. आता अर्ज करायचा म्हटलं तर घड्याळ मालिकेच्या निकालापासून सुरू होत नाही. केस १०२ स्पष्ट आहे: शर्यतीतल्या घटनेची वेळमर्यादा त्या शर्यतीचीच. प्रत्येक शर्यत शेवटची असल्यासारखा निर्णय त्याच दिवशी घ्या.

वेळ टळली असेल तर अर्ज करूच नये असं नाही. सबळ कारण असेल तर प्रोटेस्ट कमिटीला मुदत वाढवावी लागते. कारण लेखी द्या: किनाऱ्यावर पोहोचलात किती वाजता, निकाल लागला किती वाजता.

## टप्पा ७: अर्ज लिहिणं

अर्ज लेखी हवा आणि त्यात कारण हवं. नियमाचं किमान एवढंच आहे. तरी चारही अटी लिहा, आणि लहान वाक्यांत लिहा. समजा २४ बोटींची मालिका आहे आणि प्रश्न चौथ्या शर्यतीचा आहे:

‘शर्यत ४. स्टार्टला आम्ही कमिटी बोटीपासून अंदाजे चार बोटींच्या अंतरावर होतो. रेषेची किनाऱ्यावरची खूण आमच्या पुढच्या खलाशाने धरली होती आणि तिच्या अंदाजाने आम्ही मागे होतो. स्टार्टनंतर आम्हाला कोणताही हॉर्न ऐकू आला नाही. एक्स झेंडा लागला होता हे निकाल पाहताना कळलं. नियम २९.१ प्रमाणे हॉर्न वाजला नसेल तर ती अयोग्य न-कृती आहे. आम्ही ५ व्या क्रमांकाने रेषा ओलांडली, पण ओसीएसमुळे २५ गुण लागले. आम्ही पुढे असल्याचं कळायला आम्हाला कोणतंही कारण नव्हतं. साक्षीदार: आमच्या दोन्ही बाजूंच्या बोटी, शिड क्रमांक सोबत दिले आहेत. कमिटीने स्टार्टचं ध्वनिमुद्रण केलं असेल तर ते सुनावणीत ऐकवावं ही विनंती.’

यात काय नाही ते पाहा. कमिटी नेहमीच अशी करते, अध्यक्षांना अनुभव नाही, आम्ही इतक्या लांबून आलो, यातलं काहीही नाही. ध्वनिमुद्रणाची विनंती मुद्दाम आहे. बऱ्याच कमिट्या स्टार्टच्या क्रमात सतत आवाज रेकॉर्ड करत ठेवतात, आणि हॉर्नच्या वादाचा निकाल त्या रेकॉर्डिंगमध्येच असतो.

इशारा: अर्जात दिलेलं कारण हेच सुनावणीचं कुंपण असतं. सुनावणी त्याच घटनेपुरती चालते. दोन वेगळ्या चुका असतील तर दोन अर्ज करा.

## टप्पा ८: सुनावणी

सुनावणीची वेळ नोटीस बोर्डावर लागते आणि तिथे पाहण्याची जबाबदारी तुमची. रिड्रेसच्या सुनावणीत जिच्यावर अयोग्य कृतीचा आरोप आहे ती कमिटीही पक्षकार असते. म्हणजे तिला ऐकण्याचा हक्क आहे आणि तुम्हाला तिला प्रश्न विचारण्याचा. पुरावा घेतला जात असताना हजर राहण्याचा पक्षकाराला हक्क आहे. तुम्हाला बाहेर बसवून रेस ऑफिसरला आत विचारलं जात असेल तर शांतपणे पण लगेच हरकत घ्या.

प्रोटेस्ट कमिटीतला कुणी त्याच दिवशी रेस कमिटीच्या बोटीवर होता का? हितसंबंधाचा प्रश्न वाटत असेल तर कळल्याबरोबर बोला. निकाल विरुद्ध गेल्यावर आठवलेली हरकत फारशी कुणी मनावर घेत नाही.

बोलण्याचा क्रम: दोन मिनिटांत काय घडलं, मग चार अटी, मग साक्षीदार. प्रश्न छोटे ठेवा. ‘तुम्ही हॉर्न वाजवलाच नाही ना?’ असं विचारलंत की ‘वाजवला’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी: हॉर्न कुणाच्या हातात होता? एक्स झेंडा कुणी वर केला? आमचा शिड क्रमांक तुमच्या कागदावर किती सेकंदांनी लिहिला गेला? उत्तरं आपोआप जुळतात किंवा जुळत नाहीत.

आणि अधिकाऱ्यांना सौजन्याने वागवा. ते बहुतेक ठिकाणी बिनपगारी काम करतात. त्यांना चूक मान्य करणं सोपं जाईल असा सूर लावलात तर बऱ्याचदा ते स्वतःच मान्य करतात.

## टप्पा ९: काय मागायचं

पात्रता सिद्ध झाली की प्रोटेस्ट कमिटीने सर्व बाधित बोटींसाठी, त्यांनी अर्ज केलेला असो वा नसो, जमेल तितकी न्याय्य व्यवस्था करायची असते. गुण बदलणं, फिनिशच्या वेळा बदलणं, शर्यत बाद करणं, निकाल तसाच ठेवणं किंवा आणखी काही, असे पर्याय असतात. बोट फिनिश झालेली असताना शर्यत बाद करण्याआधी सर्व बोटींवरचा परिणाम पाहावा लागतो. म्हणून ‘शर्यत रद्द करा’ ही मागणी शेवटी ठेवा. चांगलं खेळलेल्यांचं नुकसान करणारा उपाय प्रोटेस्ट कमिटीला आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

गुणांसाठी नियमपुस्तकाच्या परिशिष्ट अ मध्ये तीन सुचवलेल्या पद्धती आहेत. टप्पा ७ मधल्या बोटीचे इतर गुण समजा असे: शर्यत १ ते ३ मध्ये ५, ३, ८, आणि शर्यत ५ व ६ मध्ये ४, ६.

- वादातली शर्यत सोडून सर्व शर्यतींची सरासरी: २६ भागिले ५, म्हणजे ५.२.
- त्या शर्यतीआधीच्या शर्यतींची सरासरी: १६ भागिले ३, म्हणजे एक दशांशापर्यंत ५.३.
- घटनेच्या वेळच्या स्थानावरून गुण.

ओसीएसच्या उदाहरणात तिसरी पद्धत अडचणीची आहे, कारण घटना स्टार्टलाच घडली. तेव्हा कुणी कितवं नव्हतं. मग ‘आम्ही ५ व्या क्रमांकाने आलो, तोच द्या’ म्हणायचं का? म्हणा, पण समोरून प्रश्न येईल: हॉर्न वाजला असता तर तुम्ही परत गेला असता, त्यात वेळ गेला नसता का? परत जाण्याची किंमत धरून त्याचं उत्तर तयार ठेवा. याउलट दुसऱ्या फेरीत दुसऱ्या क्रमांकावर असताना सरकलेल्या मार्कमुळे नुकसान झालं असेल तर तिसरी पद्धतच तुमच्या फायद्याची. घटनेच्या वेळचं स्थान वहीत असेल तर.

## टप्पा १०: निर्णय पटला नाही तर

निर्णय ऐकल्यावर लेखी निर्णयाची मागणी ७ दिवसांत करता येते. ती करा, कारण अपीलचा धागा तिथूनच निघतो.

प्रोटेस्ट कमिटीच्या ज्या सुनावणीत तुम्ही पक्षकार होतात, तिच्या निर्णयाविरुद्ध रिड्रेस मागता येत नाही. मार्ग दोनच: नवा, आधी उपलब्ध नसलेला पुरावा किंवा प्रोटेस्ट कमिटीची मोठी चूक दाखवून सुनावणी पुन्हा उघडण्याची विनंती, किंवा अपील. पुन्हा उघडण्याची विनंती साधारणपणे २४ तासांत, पण स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी निर्णय कळला असेल तर ३० मिनिटांत. ही अर्धा तासाची मर्यादा बक्षीस समारंभाच्या गडबडीत हमखास निसटते.

दुसऱ्या बोटीला दिलेल्या रिड्रेसमुळे तुमचं स्थान गेलं आणि तुम्ही त्या सुनावणीत पक्षकार नव्हतात, तर मात्र तुम्ही स्वतंत्र रिड्रेस मागू शकता. मग वरचे चारही प्रश्न पुन्हा सोडवा, या वेळी प्रोटेस्ट कमिटीबद्दल.

अपील राष्ट्रीय प्राधिकरणाकडे (देशाच्या सेलिंग संघटनेकडे), लेखी निर्णय हातात आल्यापासून १५ दिवसांत. अपील नियमाच्या अर्थावर किंवा सुनावणीच्या पद्धतीवर होतं. प्रोटेस्ट कमिटीने ठरवलेल्या तथ्यांवर नाही. ‘हॉर्न वाजला होता’ असं तथ्य नोंदलं गेलं असेल तर ते अपीलात उलटवण्याची आशा धरू नका. ‘हॉर्न वाजला नाही, पण नियम २६ प्रमाणे त्याकडे दुर्लक्ष करायचं’ असं लिहिलं असेल, तर तो नियमाचा चुकीचा अर्थ आहे आणि तिथे अपील उभं राहतं. आणि स्पर्धेला आंतरराष्ट्रीय ज्युरी (वेगवेगळ्या देशांच्या सदस्यांची प्रोटेस्ट कमिटी) असेल तर अपीलचा मार्गच बंद असतो. ते नोटीस ऑफ रेसमध्ये लिहिलेलं असतं, टप्पा १ मधल्या खुणांमध्ये तेही घाला.